कुत्र्याच्या पिल्लाला शी-शूची सवय: आधी घरात कागद, की पहिल्या दिवसापासून बाहेर?

मोकळं अंगण (धागा)
आठ आठवड्यांचं पिल्लू घरात आलं की पहिल्याच दिवशी कागद अंथरले जातात. माझं मत ठाम आहे: अंथरू नका. पिल्लू जागेच्या आधी पायाखालचा स्पर्श शिकतं. साधारण तीन आठवड्यांचं झालं की ते झोपायच्या जागेपासून दूर जाऊन उरकायला लागतं, आणि आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास कशावर मोकळं व्हायचं ही आवड पक्की होऊ लागते. नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याच्या पंजाखाली कागद किंवा पॅड सरकवतो. पुढे तेच पिल्लू अर्धा तास बाहेर हिंडून येतं आणि आत आल्या आल्या पायपुसण्यावर बसतं. आपण त्याला हट्टी म्हणतो. ते मात्र शिकवलेलंच करतंय. पायपुसणं पॅडसारखंच मऊ आणि ओल शोषणारं असतं.

त्याऐवजी: झोपेतून उठताच, खाल्ल्यावर 10 ते 20 मिनिटांत, खेळ थांबताच, आणि एरवी जागेपणी दर तासाला बाहेर. पट्टा लावून रोज त्याच कोपऱ्यात न्या आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा. शेवटचा थेंब पडला की तिथेच, दोन सेकंदांच्या आत, खाऊचा तुकडा. घरात येऊन दिलात तर ते घरात येण्याचं बक्षीस होतं. काहीच झालं नाही तर आत आणा, पट्टा स्वतःच्या कमरेला अडकवा आणि 10-15 मिनिटांनी पुन्हा न्या. बहुतेक जण चुकतात ते इथेच. ‘बाहेर नेलं होतं’ म्हणून मोकळं सोडतात आणि ते सोफ्यामागे जातं.

पाचवा मजला
असहमत. लसींचं काय? शेवटचा डोस 16 आठवड्यांच्या आसपास किंवा त्यानंतर असतो. पार्व्होचा (पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या रोगाचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि घरातल्या नेहमीच्या साबणा-फिनाईलने मरत नाही. अनोळखी कुत्री जिथे शी करतात, तिथे आठ आठवड्यांचं पिल्लू टेकवणं हा जुगार आहे. शिवाय दार, जिना, लिफ्ट यांत चार मिनिटं जातात. या वयात ‘लागली’ आणि ‘झाली’ यांत तेवढी फुरसत नसते.

पॅड वाईट नाही, वाईट आहे ते चार खोल्यांत चार पॅड टाकणं. एकच जागा ठेवा, जेवणापासून आणि झोपण्यापासून लांब. पॅड पिल्लाच्या लांबीच्या किमान दुप्पट हवा. पुढचे पाय पॅडवर आणि मागचे लादीवर, अशीच बरीचशी धार बाहेर जाते. बदलताना जुन्याचा ओला तुकडा नव्याखाली ठेवा, म्हणजे वासाने जागा सापडते.

मोकळं अंगण
लसींचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यावर उपाय गॅलरीत हरळीचा वाफा: उथळ ट्रे, तळाला भोकं, खाली पाणी धरायला दुसरा ट्रे, वर मातीसकट हरळी. पुढे बाहेर गेल्यावर स्पर्श तोच राहतो, त्यामुळे शिकलेलं पुसावं लागत नाही. आणि 16 आठवडे चार भिंतींत कोंडू नका. माणसं, आवाज, वाहनं यांची भीती मोडायचा काळ तीन ते चौदा आठवड्यांचा असतो. उचलून फिरवा, जमिनीवर टेकवू नका. कुठे टेकवलं तर चालेल, हे आपल्या भागातल्या पशुवैद्यांना विचारा.

शिस्त हवीच
दोघंही लाड करताय. घाण केली तिथे नेऊन खडसावलं तरच कळतं. जुनी माणसं असंच शिकवत आली आणि कुत्री शिकलीच.

पाचवा मजला
इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने. पाच मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि आत्ताच्या ओरड्याचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली जाऊन करतं, आणि पट्ट्यावर तुम्ही शेजारी असता म्हणून बाहेर रोखून धरतं. कान पाडून, नजर चुकवून बसतं ते तुमच्या आवाजाला घाबरून. करताना सापडलं तर हलकी टाळी वाजवा, उचला, योग्य जागी न्या. उरलेलं तिथे झालं तर खाऊ द्या. खरं तर त्याआधीच दिसतं: खेळणं मधेच टाकतं, नाक लादीला लावतं, एकाच ठिकाणी गोल फिरतं. दुसरा फेरा व्हायच्या आत उचला.

लादी-पोछा
सफाईवर कुणीच बोललं नाही! आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइमवालं (लघवीचा वास मुळापासून तोडणारं) द्रावण डाग पूर्ण भिजेल इतकं ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, साधारण 10-15 मिनिटं, तसंच राहू द्या. लगेच पुसलं तर ते काम करत नाही. अमोनियावालं क्लीनर नको, लघवीतही तोच वास असतो. ब्लीच तर मुळीच नको: लघवीशी मिसळून घातक वायू होतो.

शिस्त हवीच
बरं, रात्रीचं काय? क्रेटमध्ये, म्हणजे झोपायच्या बंद खोक्यात, ठेवणं म्हणजे कोंडणंच ना?

मोकळं अंगण
माप चुकलं किंवा तास चुकले तर कोंडणंच. उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा हवी. मोठा असेल तर आडवी फळी लावा, नाहीतर एका टोकाला झोप आणि दुसऱ्याला शू. दिवसा धरायची कमाल मर्यादा म्हणजे वयाचे महिने अधिक एक, इतके तास; दोन महिन्यांच्याला तीन, तेही ताणून. रात्री मधे एकदा गजर लावून उठा. दिवा मंद ठेवा, खेळ नाही, करून परत झोप. दिवसा पाणी तोडू नका. आणि पिंजऱ्यात स्वतःच्या घाणीत वाढलेल्या पिल्लावर क्रेटचा उपाय चालत नाही. झोपायची जागा कोरडी ठेवायची ओढच त्याची मोडलेली असते.

पाचवा मजला
एक भर. सवय लागलेलं पिल्लू अचानक दर वीस मिनिटांनी थेंब-थेंब करायला लागलं, तर शिकवणी थांबवा आणि लघवी तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. घरी आल्यावर तुम्हाला पाहून पोट वर करून शू करणारं पिल्लूही सवय विसरलेलं नसतं. त्याच्याकडे न बघता आत या, ते शांत झालं की खाली बसून छातीवर हात फिरवा, डोक्यावरून वाकू नका.