दृष्ट काढणे की निखारे विझवणे?

रानवारा: रोमानियातल्या खेड्यांवरचा लेख मराठीत आणतेय. 'देओकि', म्हणजे तिथली दृष्ट, या शब्दावर अडले. बाळ किरकिरतं, मोठ्यांना जांभया येतात, डोकं ठणकतं. मग म्हातारी पाण्याच्या वाडग्यात निखारे एकेक टाकत पुटपुटते. मी लिहिलं, 'आजी दृष्ट काढते'. संपादक म्हणाले, ओवाळलं काहीच नाही, मग 'काढते' कशी?

सातारी ठसका: खुशाल 'काढते' लिहा. मिरच्यांचा ठसका आला नाही की आई म्हणायची, 'बघ, केवढी लागली होती!' तिकडे निखारा बुडाला की लागली म्हणतात. फरक एवढाच, आपण विस्तवात टाकतो, ते विस्तव पाण्यात टाकतात.

पाटीपेन्सिल: 'नजर उतरवते' सुटसुटीत आहे.

शुद्धमती: नजर अरबी. घरचा शब्द असताना उसना कशाला?

पाटीपेन्सिल: मग चर्चेला 'हजर' तरी कशाला झालात? तोही अरबीच.

भटक्या: मला वाटतं ही दृष्ट रोमा लोकांनीच, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांनीच, इकडून नेली. त्यांच्या भाषेत डोळ्याला 'याख', म्हणजे आपलं अक्षि. पाण्याला 'पानी'. देशाचं नावही त्यांच्यावरूनच ना?

जुनी वही: नाही हो. रोमानिया हे रोमवरून. 'रोम' हा त्यांचा स्वतःचा शब्द वेगळा, तो बहुतेक अभ्यासक आपल्याकडच्या 'डोम' या जातीच्या नावाशी जोडतात. आणि ज्या देशात 1850 च्या दशकापर्यंत त्यांना गुलाम म्हणून विकलं, त्याला त्यांचं नाव कोण देणार? देओकि तर 'ओकि'पासून, म्हणजे डोळ्यापासून, आणि तो शब्द लॅटिनमधून आलेला. रोमानियातल्याच ट्रान्सिल्वेनिया भागातले हंगेरियनही हेच करतात. ते दृष्टीला 'सेमवेरेश' म्हणतात, शब्दशः डोळ्याचा मार. उताऱ्याला 'सेनेशवीझ', कोळशाचं पाणी.

सातारी ठसका: डोळ्याचा मार! यापुढे 'दृष्ट' मिळमिळीत वाटणार.

रानवारा: 'निखारपाणी' केलं तर?

शुद्धमती: सरबत वाटतं.

रानवारा: बरं, पुढचं. बाळाचं कौतुक केलं की 'प्त्यू, प्त्यू' करतात, दृष्ट लागू नये म्हणून. 'थू थू' लिहिलं तर छी-थू वाटेल का?

पाटीपेन्सिल: वाटेल. तीट लावा.

रानवारा: तीट नाही लावत तिथे. मनगटाला लाल दोरा बांधतात.

सातारी ठसका: आमची आत्या चक्क थू थू करायची, आणि वर 'काय काळं कार्टं आहे' म्हणायची. कार्टं गोरंपान.

शुद्धमती: 'कार्टं' कशावरून आलं, कोणाला माहीत आहे?