प्रोग्रेसिव्ह मेटलचा कथा सांगणारा अल्बम कसा ऐकावा? (सल्ला हवा आहे)

धागाकर्ता, दादर:
नमस्कार मंडळी. माझा कान शास्त्रीय आणि नाट्यसंगीतावर पोसलेला असून रॉकशी माझी ओळख पिंक फ्लॉइडच्या पुढे फारशी गेलेली नाही. ऑफिसमधील एका मित्राच्या आग्रहाखातर प्रोग्रेसिव्ह मेटल (म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा जड रॉक) वाजवणाऱ्या ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा ‘मेट्रोपोलिस पार्ट २ : सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा १९९९ सालचा अल्बम लोकलमध्ये ऐकायला घेतला. वादकांची तयारी दांडगी आहे हे लगेच जाणवले. मात्र ती तयारी दाखवण्यासाठीच सारा खटाटोप चालला आहे असे वाटत राहिले आणि कथा तर मुळीच कळली नाही. तरीही ‘थ्रू हर आईज’ हे संथ गाणे मनात घोळत असल्यामुळे अल्बम सोडवत नाही. तो पुन्हा कसा ऐकावा, की आधी दुसरे काही ऐकावे? ग्रोल पद्धतीचे (घशातून गुरगुरल्यासारखे) गायन मला अजून झेपत नाही.

प्रतिसाद १:
माझेही या अल्बमशी सूत जुळायला बराच वेळ लागला आणि ते जुळले कथेच्या बाजूने, म्हणून सुरुवात तिथूनच करावी असे सुचवतो. निकोलस नावाच्या माणसाला एका अनोळखी मुलीची स्वप्ने पडतात, संमोहनाच्या आधारे तो मागील जन्मात शिरतो आणि १९२८ साली खून झालेल्या व्हिक्टोरियापाशी व तिच्यावर प्रेम करणाऱ्या ज्युलियन आणि एडवर्ड या दोन भावांपाशी पोहोचतो. पुनर्जन्म आणि खुनाचे रहस्य आपल्याला मुळीच परके नाही (आपल्याकडच्या चित्रपटांनी त्याचा पुरेपूर सराव करून घेतला आहे). परंतु ही चारही पात्रे मुख्यतः जेम्स लाब्री हा एकच गायक गातो, त्यामुळे नुसते कानांनी कोण केव्हा बोलते ते उमगत नाही. पहिल्यांदा तरी गीतांचे शब्द समोर ठेवावेत. शेवट काय होतो ते येथे सांगत नाही आणि आपणही आधी शोधू नये.

दुसरे असे की हा अल्बम सुमारे ७७ मिनिटांचा असून त्याचे दोन अंक आहेत. पहिला अंक साधारण ३६ मिनिटांचा आहे आणि तो आपल्याला आवडलेल्या ‘थ्रू हर आईज’पाशीच संपतो. एका संध्याकाळी एवढाच ऐकावा आणि दुसरा अंक दुसऱ्या दिवशी घ्यावा. लोकलच्या डब्यातील पंखे आणि रुळांच्या खडखडाटात जॉन मायंगची बेस गिटार तर पूर्णच बुडते. ऐकताना शफल (गाण्यांचा क्रम बदलणारी सोय) बंद असावे, आणि अॅपमधील क्रॉसफेडही (एक गाणे संपता संपता दुसरे त्यावर चढवणारी सोय) बंद करावे, कारण गाणी मुळातच एकमेकांत मिसळत जातात व त्यावर यंत्राची वेगळी सरमिसळ झाली की सांधे बिघडतात.

आता ‘खटाटोपा’विषयी. आपला आक्षेप बहुधा दुसऱ्या अंकातील ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ या वाद्यरचनेला सर्वाधिक लागू पडेल, कारण सहा मिनिटांच्या त्या रचनेत मात्रांची मांडणी शंभराहून अधिक वेळा बदलते. आपल्याला समेची वाट पाहण्याची सवय असते, आवर्तन ठरलेले असते आणि गायक कितीही दूर गेला तरी कुठे परतणार हे ठाऊक असते. येथे आवर्तनच बदलत राहते. मात्रा मोजण्याच्या भरीस पडू नये. त्याऐवजी चालींवर लक्ष ठेवावे. ‘ओव्हर्चर १९२८’ या प्रारंभीच्या वाद्यरचनेतील सुरावटी पुढे गाण्यांतून परत येतात, तर काही सूत्रे थेट १९९२ च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ या अल्बममधील ‘मेट्रोपोलिस’च्या पहिल्या भागातून आलेली आहेत. ते गाणे आधी ऐकून ठेवले तर ही ओळख पटण्याची मौज मिळते, आणि माझ्या मते या अल्बमची खरी गोडी तिच्यातच आहे. ‘द डान्स ऑफ इटर्निटी’मध्ये जॉर्डन रुडेसचा पियानो एकाएकी रॅगटाइमच्या (जुन्या अमेरिकन पियानोवादनाच्या खेळकर शैलीच्या) ढंगात शिरतो, तेव्हा हसू येते. ते यावे असाच बेत असावा.

प्रतिसाद २:
वरील सल्ला उत्तम आहे, तथापि मी क्रम उलटा ठेवीन. क्वीन्सराइक या बँडचा १९८८ सालचा ‘ऑपरेशन : माइंडक्राइम’ आधी ऐकावा. तोही कथेचाच अल्बम आहे, पण त्यातील गाणी सुटसुटीत आहेत आणि निकी, डॉक्टर एक्स व सिस्टर मेरी ही पात्रे चटकन ओळखू येतात. सिस्टर मेरीसाठी स्वतंत्र गायिका असल्यामुळे आपली मुख्य अडचणही दूर होते. ‘सीन्स’मधील ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’ मला मात्र आजही जरा जास्तच गोड वाटते.

प्रतिसाद ३:
ग्रोल कधी झेपू लागले तर आपल्या मुंबईच्याच डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचा २०१७ सालचा ‘दशावतार’ जरूर ऐकावा. विषय नावातच आहे. ओपेथ या बँडचा ‘स्टिल लाइफ’ त्यानंतर.

धागाकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९९२ चे गाणे आधी ऐकून, शब्द समोर ठेवून पहिला अंक घरी ऐकला. पूर्वी नुसती धावपळ वाटलेल्या ‘बियॉन्ड धिस लाइफ’मध्ये वर्तमानपत्रातील खुनाची बातमी वाचली जात आहे हे आता कळले आणि साडेअकरा मिनिटे कशी गेली ते समजले नाही. त्या गाण्यातील वादन आणखी थोडे आटोपशीर असते तर बरे झाले असते, हे माझे मत मात्र कायम आहे. दुसरा अंक रविवारी ऐकेन. ‘माइंडक्राइम’ त्यानंतर; प्रतिसाद २ यांनी रागावू नये.