एसीत गॅस भरण्याआधी कंडेन्सर बघा
पिकअप पळताना हवा गार आणि सिग्नलला थांबली की कोमट, असं तुम्ही लिहिलंय. मग गॅसवर पैसे घालायची घाई नको. पळताना वारा आपसूक कंडेन्सरमधून (रेडिएटरच्या पुढची जाळी, जिथे एसीचा गॅस गार होतो) जातो, थांबल्यावर सगळी मदार पंख्यावर. एसी लावून बॉनेट उघडा, पंखा फिरतोय का ते बघा. फिरत नसेल तर आधी फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), मग मोटर तपासा.

माझ्या गाडीचा पंखा ठणठणीत होता. पण अकोल्याकडे जिनिंगला कापूस वाहून वाहून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत रुई-मातीचा गादीसारखा थर बसलेला. समोरून जाळी स्वच्छ दिसायची, म्हणून दोन उन्हाळे उगाच घाम गाळला! इंजिन गार असताना कंडेन्सर नळाच्या पाण्याने आतून बाहेर धुतला. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, जाळीच्या पात्या आडव्या होतात.

उन्हात तापलेली केबिन असेल तर आधी दोन मिनिटं काचा खाली, मग रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण). आणि ‘थोडा जास्त गॅस टाकून देतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. जास्त गॅसने दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो.