सोलापुरातली मधला मारुती ते चाटी गल्ली, जुनी दुकानं कुणाला आठवतात?

पुण्यात_अडकलेला: परवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेला आलो तेव्हा मधल्या मारुतीपासून चाटी गल्लीपर्यंत चालत गेलो, निम्मी दुकानं ओळखूच येईनात. आमच्या लहानपणी तिथं एक चादरवाले काका होते, गादीवर मांडी घालून बसायचे, गिऱ्हाईक आलं की घडीचं एक टोक धरून चादर अशी झटकायचे की ती बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडायची, मग उलटी करून दाखवणार, "बघा, दोन्हीकडून नक्षी". अजून कुणाला आठवतंय का?

पूर्वभागकर: काका नाही आठवत, पण त्या चादरी आमच्याच भागातल्या बे! गल्लीत घरटी माग, दिवसभर खटखट, आज्जी दारात बसून सुताच्या कांड्या भरायची आणि तेलुगूत सगळ्यांना शिव्या घालायची. २००५ मध्ये सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण तोवर कितीतरी माग भंगारात गेले होते, उपयोग काय?

शेंगाचटणी: मला तर मसाल्याचा वासच आठवतो, तिखटाच्या दुकानापुढनं जाताना सगळे शिंकायचे. शेंगाचटणी उखळात कुटलेलीच पाहिजे, तेल सुटेपर्यंत. मिक्सरची नुसती भुकटी होते.

जुनी_मिल: आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. भोंगा झाला की चहाच्या गाड्यावर ही गर्दी, उधारीची वही दोऱ्यानं बांधलेली, पगाराच्या दिवशी मालक गेटवरच उभा! 😄

पुण्यात_अडकलेला: जुनी_मिल, ती वही मीपण बघितलीय बहुतेक. गाडा गेटच्या डाव्या हाताला होता का?