दमट हवा, नोझल-सफाई आणि ‘हे तर कुणालाही सुचेल’

क्लेमवाचक: काल इथे एकाने ठोकून दिलं: ‘हवेतला दमटपणा मोजून इंकजेट प्रिंटरची नोझल-सफाई (शाईच्या बारीक छिद्रांची) कमी-जास्त करायची, हे तर कुणालाही सुचेल. पेटंट नाकारा.’ कुणालाही म्हणजे कुणाला? पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)मध्ये शोध उघड आहे का हे ठरवायला त्या क्षेत्रातला जाणकार धरलाय, रस्त्यावरचा माणूस नाही. क्लेम, म्हणजे अर्जात मागितलेला हक्क, वाचून झाल्यावर सगळेच हुशार होतात. सेन्सर जुना, सफाई जुनी, मान्य. दोन्ही एकत्र आणायचं कारण अर्जाच्या तारखेआधी कुठे होतं, ते दाखवा.

दादरचा_छापखाना: तो ‘एक’ मीच. २००७चा केएसआर खटला वाचा. गाडीच्या जुन्या ॲडजस्टेबल पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऑब्व्हियस, म्हणजे उघड, ठरवलं. कारण लेखीच हवं हा हट्ट तिथेच मोडला. आपल्याकडे १९७८चा बिश्वनाथ प्रसाद खटला: लेथवर भांडी धरायची युक्ती, पेटंट रद्द. वर्कशॉपमधली सुधारणा म्हणजे शोध नव्हे! आम्ही पावसाळ्यात जास्त सफाई मारतो, कुणी शिकवलं नाही.

लॅमिंग्टनकर: पेटंट-बिटंट सोडा, कार्ट्रिजच्या चिपचं बोला. शाई काठोकाठ भरून आणली तरी मशीन म्हणतं ‘रिकामं’. ऐन ऑडिटच्या दिवशी नवीन घ्यावं लागलं. लूट आहे नुसती.

सीए_गिरगाव: +१. २०१७ला लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कार्ट्रिज विकलं की त्यावरचा पेटंट-हक्क संपला.

लॅमिंग्टनकर: हक्क संपला, चिप कुठे संपली? त्या निकालाची प्रिंट काढून चिपला वाचून दाखवा.

सीए_गिरगाव: प्रिंट काढायला शाई हवी ना!

क्लेमवाचक: चिपसाठी वेगळा धागा काढा हो. छापखानेवाले, तुम्हीच माझी बाजू मांडलीत. क्लेममध्ये दमट हवेत सफाई कमी आहे, कारण शाई वाळते ती कोरड्या हवेत. पावसाळ्यात ओल धरतो तो तुमचा कागद. मुरलेला माणूस उलट्या दिशेने जातोय, मग उघड कसं?

दादरचा_छापखाना: वा, वकीलसाहेब! एसीच्या खोलीत नोझल तुंबतात, हे आमच्या पोऱ्यालाही ठाऊक. दमट हवेत कमी, हे त्याचंच दुसरं टोक. मी जास्त मारतो ती धास्तीपोटी.

क्लेमवाचक: एसीचा मुद्दा वजनदार आहे, नाइलाजाने म्हणतो. पण ‘ठाऊक’ला पुरावा लागतो. जुनं मॅन्युअल, सर्व्हिस नोट, काहीतरी आणा. कलम २५(१)खाली पेटंट मिळण्याआधी कुणीही विरोध नोंदवू शकतं. अँटॉप हिलचं पेटंट ऑफिस दादरहून लांब नाही.

दादरचा_छापखाना: सर्व्हिस इंजिनियरने मशीनमागच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवलंय, ‘एसी फार नको, हेड वाळतं’. भिंत आणू?