व्हेनिसच्या आधी रागुझा

क्वारंटाइन व्हेनिसने सुरू केलं असं म्हटलं जातं, त्यात थोडी भर. त्याआधीच, जुलै १३७७ मध्ये, रागुझाच्या (आजचं क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक) महापरिषदेने ठराव केला होता: प्लेगच्या भागातून येणाऱ्याने आधी मर्कान बेटावर किंवा त्सावतात गावी महिनाभर राहायचं, मगच शहरात पाऊल टाकायचं. मला त्याचं पुढचं कलम फार मोलाचं वाटतं. शहरातलं कुणी त्यांना भेटायला गेलं, तर त्यालाही तिथेच महिना काढावा लागे. जंतू म्हणजे काय हे ठाऊक नसताना केवढी ही समज! शिवाय व्यापारावर जगणाऱ्या शहराला बंदर बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, त्यावर हा मधला मार्ग होता. व्हेनिसचं श्रेय वेगळं आहे: १४२३ मध्ये तिथे एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचं रुग्णालय उभं राहिलं.