पंधराव्या वर्षीचं गाणं तोंडपाठ, परवाचं आठवत नाही. तुमचंही असंच का?

मागच्याबाकावरचा

एक बावळट प्रश्न आहे, बरेच दिवस डोक्यात फिरतोय म्हणून विचारूनच टाकतो. माझं वय आता पंचेचाळिशीच्या पुढे. शाळा-कॉलेजात ऐकलेली गाणी अजून शब्दन् शब्द पाठ आहेत, शब्दच काय, कुठल्या अंतऱ्याआधी बासरी येते, गायक कुठे श्वास घेतो, आणि आमच्या कॅसेटमध्ये एका जागी टेप चुरगळली होती तिथे आवाज कसा लडखडायचा, ते सुद्धा. आज तेच गाणं फोनवर ऐकलं की त्या जागी आवाज लडखडत नाही म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं होतं! आणि हल्लीची गाणी? आवडत नाहीत असं अजिबात नाही हां, आवडतात, लाईक मारतो, लिस्टमध्ये टाकतो, आणि थोड्या दिवसांनी तेच लागलं की 'अरे छान आहे, कुणाचंय' म्हणून बघायला जातो तर आधीच लाईक केलेलं.

दुसरं म्हणजे जुनं गाणं एकटं येत नाही, अख्खं गाव सोबत घेऊन येतं. शाळेकडे जाणारा चढ, दुपारचा सामसूम रस्ता, शेजारच्या खिडकीतून येणारा टीव्हीचा आवाज, सगळं. पण प्रत्यक्ष गावी गेलो की तो चढ म्हणजे जेमतेम उतार निघतो, मी उभा राहून बघत बसतो की इथे मला सायकलवरून खाली उतरावं लागायचं?

आणि ज्यांची पोस्टरं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती ते हिरो आता पडद्यावर आजोबा होतात. त्यांच्यातलं कुणी गेल्याची बातमी आली की अर्धा दिवस काही सुचत नाही, आणि त्या माणसाला मी आयुष्यात कधी भेटलेलो पण नसतो.

हे नुसतं वयाचं आहे की खरंच काहीतरी बदललंय? 'आमच्या वेळी सगळं भारी होतं' हे उत्तर नको, ते मी स्वतःच घरी रोज देतो.

पुस्तकीकिडा

याला रेमिनिसन्स बंप म्हणतात, मानसशास्त्रात जुना विषय आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. गाण्यांच्या बाबतीत तर त्यातही टीनएजचा भाग जास्त वर येतो. कारण एकच नाही. पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टींची गर्दी त्याच काळात असते, आपण कोण, आपल्याला काय आवडतं हे ठरतं त्याच काळात, आणि मेंदू पण तेव्हा नव्या गोष्टी पटापट साठवत असतो.

गाण्याबरोबर गाव का येतं यावर २००९ मध्ये पेत्र जनाटा या संशोधकाचा एक अभ्यास आला होता. लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांच्या लहानपणची आणि टीनएजमधली हिट गाणी ऐकवली, तर ज्या गाण्याला स्वतःची काही आठवण चिकटलेली होती त्या वेळी कपाळामागचा मेंदूचा भाग जास्त कामाला लागलेला दिसला. स्वतःबद्दलचा विचार, आठवणी यांच्याशी संबंध असलेला हा भाग. म्हणजे तुमचा चढ आणि तुमचं गाणं मेंदूच्या हिशोबात एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत.

रिवाइंडकर

वरचं बरोबर असेल पण सगळा दोष वयावर ढकलू नका राव. मी म्हणतो माध्यम बदललं हे मोठं कारण आहे. कॅसेट आली १९६३ मध्ये, वॉकमन १९७९ मध्ये, आणि तेव्हापासून पार सीडी घरोघरी पोचेपर्यंत आपल्यावर एक सक्ती होती जिचं महत्त्व तेव्हा कळलं नाही. ९० मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, नावडतं गाणं आलं तर फॉरवर्ड करायचं, अंदाजाने थांबवायचं, पुढे गेलं की परत मागे आणायचं, त्यात सेल संपायचे आणि गायक म्हशीसारखा हंबरायला लागायचा, त्यापेक्षा मुकाट्याने ऐकलेलं परवडायचं. म्हणून ती बी साईडची तिसऱ्या नंबरची रटाळ गाणी पण पाठ झाली. एक गाणं संपलं की पुढच्याचा पहिला सूर डोक्यात आपोआप वाजायचा, आठवतंय ना?

नुसतं पुन्हा पुन्हा समोर आल्याने गोष्ट आवडायला लागते हे रॉबर्ट झायन्स नावाच्या माणसाने १९६८ मध्येच प्रयोगातून दाखवलंय. आपण हल्ली गाण्याला ती संधीच देत नाही. २००१ मध्ये पहिला आयपॉड आला तेव्हा 'खिशात हजार गाणी' ही जाहिरात होती, आता हजारावर कोण थांबतंय. तीस सेकंदांत पकडलं नाही की पुढचं.

मी मध्यंतरी मुद्दाम एकच नवीन अल्बम घेतला, शफल बंद, ऑफिसला जाता-येता फक्त तोच. सुरुवातीला कंटाळा आला, नंतर नंतर मात्र आंघोळीत तेच गुणगुणायला लागलो. आणि आता तो ऐकला की त्या दिवसांतला पाऊस आठवतो, ट्रॅफिक आठवतं. चाळिशीनंतर डोकं बंद पडतं वगैरे काही नाही.

साठी_पण_नाठी_नाही

रिवाइंडकर, आंघोळीत गुणगुणणं ही फार विश्वासार्ह चाचणी आहे, मान्य 😄

मागच्याबाकावरचा, तुम्ही मला मुलासारखे म्हणून अरेतुरे करते, चालेल ना. तो चढ लहान नाही झाला रे, तू उंच झालास. लहानपणी आपली नजर जमिनीपासून किती वर होती ते बघ एकदा गुडघ्यांवर बसून. मी शाळेत गेले होते मध्ये एका कार्यक्रमाला, पहिलीच्या वर्गातल्या बाकावर बसायला गेले तर गुडघे वर आले, आणि फळा, जो मला आभाळाएवढा आठवत होता, तो हात लांब केला तर पुरा व्यापतो!

पण एक सांगते, वय वाढण्याचा फायदा कुणी बोलत नाही. तरुणपणी ज्या विरहाच्या गाण्यांवर आम्ही मैत्रिणी हसत-खिदळत नाचलो त्यांचे शब्द मला पन्नाशीनंतर कळले. चाल तीच, पण आता एखादी ओळ अशी येते की गॅस बंद करून खुर्चीत बसावं लागतं. त्याला मी नवीन गाणंच धरते. बाकी कान थोडे गेलेत, वयाबरोबर वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, त्यामुळे झांजा आता आधीसारख्या झणझणत नाहीत. आमचे हे म्हणतात रेकॉर्डिंगच खराब आहे. म्हणू देत.

दोनहजारचार

काका-काकू मी बावीसचा पण नाही अजून आणि माझं पण सेम होतंय 😭 सातवीत खेळलेल्या गेमचं होमस्क्रीनचं म्युझिक लागलं तर घशात काहीतरी येतं. कॉलेजमधले ज्युनियर कुठल्यातरी मीमवर हसत असतात आणि मला कळतच नाही, तेव्हा खरं म्हातारं वाटतं. आणि गंमत म्हणजे माझी फेव्हरेट गाणी बघितली तर अर्धी बाबांची आहेत, गाडीत लावायचे ती. मी तेव्हा वैतागायचो, हेडफोन घालून बसायचो, तरी कशी पाठ झाली देव जाणे.

पुस्तकीकिडा

@दोनहजारचार, तुझ्यासारखीच मुलं एका अभ्यासात निघाली होती. क्रमहान्सल आणि झुपनिक, २०१३. विशीतल्या मुलांना १९५५ ते २००९ पर्यंतची हिट गाणी ऐकवली, तर स्वतःच्या काळातल्या गाण्यांशिवाय आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांनाही त्यांच्या आठवणी जोडलेल्या होत्या. आणि १९६० च्या दशकातल्या गाण्यांचा पण एक छोटा उंचवटा दिसला, तो बहुधा आजी-आजोबांकडून आलेला. हेडफोनने फार फरक पडत नसावा.

मागच्याबाकावरचा

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. काकू, अरेतुरे अवश्य करा, बरं वाटलं. रिवाइंडकर, तुमचा एकच अल्बमवाला प्रयोग करतो, पण अल्बम मी निवडला तर जुनाच निवडेन, म्हणून मुलीला सांगितलंय तू निवड. तिने जे दिलंय त्यात गायक नक्की गातोय की तक्रार करतोय तेच अजून कळलेलं नाही, तरी शफल बंद ठेवलंय.

पोस्टरवाल्या मुद्द्यावर कुणी काही बोललं नाही पण.

साठी_पण_नाठी_नाही

त्यावर काय बोलणार. माझ्या वेळचे तर बहुतेक गेले. मी त्या दिवशी त्यांचा एक सिनेमा लावते, शेवटपर्यंत नाही, मध्यंतरापर्यंत बघते आणि झोपते.

रिवाइंडकर

मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि एक राहिलं, तुमची ती चुरगळलेली कॅसेट अजून असेल तर टाकू नका, पेन्सिलने हळूहळू गुंडाळून घट्ट करून ठेवा.

दोनहजारचार

पेन्सिलने का??

रिवाइंडकर

कॅसेटच्या भोकाला आत सहा दात असतात, पेन्सिल त्यात अडकते आणि फिरवता येते.

साठी_पण_नाठी_नाही

पेन्सिल सटकते. सहा कोनांचं बॉलपेन घे.